एका पडद्याचे दोन धनी

भाद्रपदातले गणपती पाण्यात गेले आणि पितृपंधरवडा लागला, म्हणजे पुण्याच्या नारायण, सदाशिव आणि शनिवार ह्या पेठांतील अक्षरजुळणीच्या दफ्तरांत जी लगबग सुरू होते, ती घटस्थापना मागे टाकून दसरा उजाडला आणि दिवाळी अंकांचे शेवटचे फर्मे छापखान्याकडे रवाना झाले तरच थांबते. उशिरा पोचलेले हस्तलिखित, मुद्रितावर तांबड्या शाईने झालेल्या दुरुस्त्या, ऐन वेळी आकार बदललेली जाहिरात आणि कवितेची ओळ स्तंभात मावत नाही म्हणून दूरध्वनीवर चाललेली हुज्जत, ह्या सर्वांचा निवाडा अखेर ज्या एका टेबलावर व्हावयाचा असतो, त्या टेबलाकडे अंकाच्या वाचकाचे लक्ष जाण्याचे काही कारण नाही. यंदा अशा एका दफ्तरात काही दुपारी बसावयास मिळाले, तेव्हा प्रथम नजरेत भरले ते टेबलाखालचे दोन संगणक; कारण टेबलावर मॉनिटर मात्र एकच होता, कीबोर्ड एकच आणि माउसही एकच, आणि त्या तिहींच्या वायरी ज्या तळहाताएवढ्या काळ्या डबीत शिरत होत्या तिच्या तोंडावर एक खटका आणि दोन बारीक दिवे होते. ह्या डबीला बाजारात केव्हीएम स्विच म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस ह्यांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. खटका दाबला की एक संगणक पडद्यावरून उतरतो आणि दुसरा चढतो. उतरलेला बंद पडत नाही, त्याचे काम आतल्या आत चालूच राहते, फक्त त्याला पाहणारा आणि त्याला हुकूम देणारा कोणी उरत नाही.

एका माणसाला दोन संगणक कशासाठी लागावेत, हा प्रश्न मराठी अक्षरजुळणीचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास ठाऊक नसलेल्यास पडणे स्वाभाविक आहे. खिळ्यांची जुळणी मागे पडून डीटीपीचा अंमल सुरू झाला, त्या काळात सर्वसाधारण संगणकाच्या एका फाँटमध्ये अक्षरांसाठी २५६ घरे असत आणि ती सारी इंग्रजीच्या व युरोपीय भाषांच्या वहिवाटीची होती. तेव्हा मराठीसाठी फाँट रचणाऱ्यांनी त्याच घरांत देवनागरीचे तुकडे, म्हणजे अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार, बसवून दिले; संगणकाच्या हिशेबी तो मजकूर इंग्रजी चिन्हांची निरर्थक रांगच राहिला, आणि माणसाच्या डोळ्यांना मात्र ते शुद्ध मराठी दिसू लागले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या सीडॅकची आयएसएम ह्यांनी त्या काळात मराठी मुद्रणाचा मोठा भार वाहिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु कोणत्या घरात कोणता तुकडा ठेवावयाचा ह्याविषयी निरनिराळ्या फाँटकर्त्यांची व्यवस्था निरनिराळी राहिली, आणि एका फाँटमध्ये जुळवलेले पान दुसऱ्यात उघडले असता सगळा चिन्हांचा गोंधळ दिसे.

युनिकोडने १९९१ साली देवनागरीला स्वतःची १२८ घरे दिली आणि पुढे यथावकाश संगणक, दूरध्वनी व टपाल ह्या सर्वांनी ती मान्य केली. पाने जुळवण्याच्या पेजमेकर ह्या आज्ञावलीपर्यंत मात्र ही वार्ता कधी पोचलीच नाही. त्या आज्ञावलीची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. युनिकोड तिला अखेरपर्यंत उमगले नाही, आणि मराठी प्रकाशनव्यवसायाने नेमक्या तिच्याच हवाली आपली वीस वर्षांची पुस्तके केलेली होती.

म्हणून टेबलाखालचा डावा संगणक जुना आहे. त्यात विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर आहे, आणि त्याच्या पाठीशी एक बोटभर लांबीचे हार्डवेअर लॉक लावलेले आहे; ते जागेवर असल्याखेरीज मराठीची आज्ञावली उघडत नाही. एखाद्या लेखिकेच्या १९९९ सालच्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढावयाची ठरली आणि तिला त्यात एवढ्या चार चुका दुरुस्त करून हव्या असल्या, तर ते काम ह्याच यंत्रावर होते. उजवा संगणक नवा आहे. ई-मेलने आलेला युनिकोड मजकूर, इनडिझाइनमधली पाने, छापखान्याला पाठवावयाच्या पीडीएफ आणि गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरील तक्रारी ह्या सर्वांची व्यवस्था त्याच्याकडे आहे. दोघांचीही गरज आहे आणि दोघांचे एकमेकांशी काही देणेघेणे नाही. अशा स्थितीत दोन मॉनिटर का ठेवू नयेत, ह्या शंकेचे उत्तर खोलीकडे पाहूनच मिळते: मुद्रितांचे गठ्ठे, जुन्या अंकांच्या फायली आणि चहाचे पेले ह्यांतून उरलेली जागा एका पडद्यापुरतीच आहे, शिवाय दिवसभर मान वळवून दोन पडद्यांवर नजर फिरवणे साठी ओलांडलेल्या मालकांना मानवत नाही.

ह्या डबीचे पूर्वज अगदी साधे होते. आयबीएमने १९८७ साली पीएस-टू नावाचे संगणक बाजारात आणले, तेव्हा त्यांच्याबरोबर पंधरा पिनांचा व्हीजीए जोड आला आणि कीबोर्ड-माउससाठी सहा पिनांचे ते गोल जोडही आले, जे पुढे वीस वर्षे जगभर चालले. व्हीजीएच्या तारेतून तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचे चढउतार विजेच्या सलग लहरींच्या रूपाने जात, आणि लहरीला एका वाटेवरून दुसरीकडे वळवावयाचे तर पितळी स्पर्शकांची एक फिरकी पुरे. पत्र्याच्या पेटीवर काळी मूठ, मुठीच्या एका अंगास ‘ए’ आणि दुसऱ्या अंगास ‘बी’. मूठ फिरवली की आतले सगळे स्पर्शक एकदम सरकत. प्रिंटर दोन संगणकांत वाटून घेण्यासाठी अशाच पेट्या डीटीपीच्या दुकानांत असत, आणि त्या फिरवताना होणारा ‘खट्ट’ असा आवाज त्या काळी तेथे काम केलेल्यांच्या कानांत अजून असेल. वायर हलकी असली तर अक्षरांच्या उजव्या अंगाला फिकट सावली पडे, एवढाच काय तो दोष.

खरी अडचण कीबोर्डाची होती. ते गोल जोड चालू यंत्रावर काढण्याघालण्यासाठी केलेलेच नव्हते. फिरकी दुसऱ्या बाजूला असताना पहिला संगणक सुरू केला, तर त्याला कीबोर्ड सापडत नसे, आणि तो काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कळवी की कीबोर्ड जोडलेला नाही, पुढे जाण्यासाठी ‘एफ-वन’ ही कळ दाबा. जो कीबोर्ड नाहीच त्यावरील कळ दाबण्याचे हे फर्मान संगणकाच्या इतिहासात विनोद म्हणून अमर झाले आहे. ह्यावर तोड म्हणून पुढच्या पिढीच्या पेट्यांत एक लहानसा प्रोसेसर आला, आणि तो प्रत्येक संगणकाला, खरा कीबोर्ड कोठेही असो, तुझा कीबोर्ड जागेवर आहे असे सांगत राहू लागला. त्याच सुमारास खटक्याचे काम कळांवर सोपवण्यात आले आणि त्यासाठी निवड झाली ती बहुधा ‘स्क्रोल लॉक’ ह्या कळीची. आयबीएमच्या १९८१ सालच्या कीबोर्डापासून ती वरच्या कोपऱ्यात बसून होती आणि तिला कोणी फारसे विचारीत नव्हते. ती लागोपाठ दोनदा दाबली की यंत्र बदलते. आता नव्या कीबोर्डांवरून ती कळच नाहीशी होत चालल्यामुळे काही उत्पादकांनी तो अधिकार ‘कंट्रोल’कडे दिला आहे.

कीबोर्डाच्या बाबतीत जी समजूत घालावी लागते, तीच, परंतु फार कठीण स्वरूपात, मॉनिटरच्या बाबतीतही घालावी लागते. आणि माझ्या मते ह्या डबीची सगळी परीक्षा येथे आहे. १९९४ पासून मॉनिटर मुका राहिलेला नाही. त्याच्या पोटात १२८ बाइटांचा एक लहानसा लेख असतो. आपला उत्पादक कोण, पडद्याची लांबीरुंदी किती, कोणते रिझोल्यूशन आपणास मानवते, हा तपशील त्यात नोंदलेला असतो, आणि संगणक जागा होताच प्रथम हा लेख वाचून त्याप्रमाणे चित्र पाठवतो. एचडीएमआयच्या एकोणीस पिनांपैकी शेवटची पीन तर केवळ ‘मॉनिटर हजर आहे’ एवढेच कळवण्यासाठी राखलेली आहे. तेव्हा स्वस्तातल्या डबीचा खटका दाबला की काय होते? ज्या संगणकाकडे पाठ फिरली, त्याची ती पीन निर्जीव होते. मॉनिटर गेला असे तो समजतो आणि आपल्या खिडक्यांची आवराआवर करू लागतो. दोन मिनिटांनी आपण परत आलो की पडदा प्रथम काळा होतो, ‘सिग्नल नाही’ अशी पाटी तरळते, दोन-तीन सेकंद जातात, आणि मग चित्र येते तेव्हा मघाशी उजवीकडे मांडून ठेवलेले पान डाव्या कोपऱ्यात चेपून बसलेले आढळते.

चांगली डबी हे होऊ देत नाही. मॉनिटरचा तो लेख ती एकदा वाचून स्वतःपाशी नकलून ठेवते, हजेरीची पीन दोन्ही संगणकांकडे सदैव जिवंत राखते, आणि ज्याच्याकडे मॉनिटर नाही त्यालाही तो असल्याचे भासवत राहते. मालक बाहेरगावी गेले असताना पेढीवर आलेल्या प्रत्येकास ‘आहेत, आत आहेत’ असे सांगून व्यवहार चालू ठेवणाऱ्या जुन्या मुनिमाचे कसब तिच्या अंगी असते. बाजारात दोन डब्या दिसावयास सारख्या असून एकीची किंमत दुसरीच्या कैक पट असते आणि ग्राहक बुचकळ्यात पडतो. तो फरक बव्हंशी ह्या नाटकाचा आणि तारेतून वाहणाऱ्या ओघाचा आहे.

ओघाचाही हिशेब पाहावा. कीबोर्ड-माउसची गरज क्षुल्लक. यूएसबीच्या सर्वांत मंद गतीत, म्हणजे सेकंदाला पंधरा लाख बिटांत, त्यांचा व्यवहार आरामात भागतो. चित्राचे तसे नाही. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा सेकंदास साठ वेळा नव्याने रंगवावयाचा, आणि प्रत्येक बिंदूस चोवीस बिटांचा रंग द्यावयाचा, तर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी बिट जावे लागतात. ज्यास फोर-के म्हणतात त्या पडद्याला त्याच्या चौपट. एवढा लोंढा तोडून जोडताना कोठेही डाग न पडू देणे हे पितळी फिरकीच्या आवाक्यातले काम नव्हे. एचडीएमआयच्या २००९ सालच्या आवृत्तीत फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा जाऊ शके. साठ वेळांसाठी २०१३ सालच्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. जुन्या आवृत्तीची डबी नव्या मॉनिटरला लावून माउसचा बाण अडखळतो म्हणून संगणकाला दोष देणारे लोक पुष्कळ आहेत.

पुन्हा त्या दफ्तरात जाऊ. तेथील मालकांनी तपकीर गल्लीतून आणलेली पहिली डबी एचडीएमआयची होती, आणि जुन्या संगणकाला तर केवळ व्हीजीएचेच तोंड. म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर घालण्यात आला. चित्र आले. पण मालकांनी पडद्याकडे पाहून कपाळाला आठी घातली. जुना संगणक १०२४ गुणिले ७६८ चे, म्हणजे चारास तीन प्रमाणाचे चित्र देत होता आणि सोळास नऊ प्रमाणाचा नवा मॉनिटर ते दोन्ही कडांपर्यंत ताणून बसवीत होता. त्यामुळे प्रत्येक अक्षराची रुंदी एकतृतीयांशाने फुगली होती. इतर कोणाला ते जाणवले नसते. चाळीस वर्षे अक्षरांत वावरलेल्या ह्या गृहस्थांनी मात्र ‘ठ’वर बोट ठेवले. ‘ठ’चे वर्तुळ आडवे पसरले होते, ‘ळ’ची दोन पोटे बसकी झाली होती, आणि शिरोरेषा तेवढी, आडवीच असल्यामुळे, निर्विकार होती. ते म्हणाले, “ह्यावर मी पान लावलं, तर छापून आल्यावर मलाच ओळखू येणार नाही.” शेवटी मॉनिटरच्या यादीतून चाराला तीन हे प्रमाण निवडले, दोन्ही अंगांना काळे पट्टे राहिले, परंतु ‘ठ’ गोल झाला. पडद्याचा चौथा हिस्सा वाया गेल्याबद्दल त्यांना काही वाटले नाही.

दुसरा प्रसंग लॉकचा. डबीच्या अंगावर यूएसबीचे एक जादा तोंड असते. नव्याने कामास लागलेल्या ताईंनी, संगणकाच्या मागे हात घालावा लागू नये म्हणून, हार्डवेअर लॉक तेथे लावले. सकाळभर सर्व सुरळीत. दुपारी त्या ई-मेल पाहण्यासाठी नव्या संगणकावर गेल्या, परत आल्या, आणि मराठीची आज्ञावली बंद झालेली.

“काका, लॉक सापडत नाही म्हणतंय.”

“लॉक कुठं लावलंयस?”

“ह्या डबीला.”

“अगं, मग तू खटका दाबलास की लॉकही तिकडंच जाणार ना! काढ ते. मागं, थेट मशिनला लाव. आणि पान सेव्ह केलं होतंस का?”

केले नव्हते. डबीवरील त्या तोंडाला जे काही लावावे ते खटक्याबरोबर स्थलांतर करते, आणि संगणकाच्या दृष्टीने ते उपकरण कोणी उपटून नेल्यासारखेच असते. लॉक असो वा पेनड्राइव्ह, ज्याची जागा एका यंत्रात ठरलेली आहे ते त्याच यंत्राला लावावे. जुन्या एक्सपीत प्रत्येक वेळी उपकरण गेल्याचा उतरता आणि आल्याचा चढता असे दोन सूर वाजतात. त्या खोलीत ते दिवसभर कानांवर पडत होते. काही वेळाने तर कोणते यंत्र समोर आहे हे पडद्याकडे न पाहताही कळू लागले.

बोटांना मात्र ते तितक्या सहज कळत नाही. जुन्या यंत्रावर टंकलेखनयंत्राच्या वळणाचा कळफलक आहे, नव्यावर इन्स्क्रिप्ट. इंग्रजी ‘के’च्या कळीवर इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’ उमटतो, जुन्या यंत्रावर त्याच कळीतून भलतेच अक्षर निघते. कीबोर्ड तोच, खुर्ची तीच, पडदा तोच, आणि खटका दाबताक्षणी दहा बोटांनी आपली सवय बदलावयाची. मालक हे विनासायास करतात. ताईंची पहिली ओळ अजून दर वेळी चुकते आणि दुसरीपासून सुधारते.

डबी पडदा वाटून देते. मजकूर इकडचा तिकडे नेत नाही. जुन्या यंत्रावर निवडलेला परिच्छेद नव्यावर चिकटवावयाचा म्हटले तर ते होणार नाही, पेनड्राइव्हचाच आश्रय घ्यावा लागेल, आणि नेलेला मजकूर कन्व्हर्टर आज्ञावलीतून युनिकोडात उतरवून घ्यावा लागेल. ही उणीव आहे असे प्रथम मलाही वाटले, परंतु विचारांती तोच मोठा गुण ठरतो. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी संपवली. त्यानंतर मे २०१७ मध्ये वॉनाक्राय ह्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्या कंपनीला मेलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली, आणि २०१९ च्या मे महिन्यात दूरस्थ वापराच्या सोयीत भगदाड सापडले तेव्हा पुन्हा एकदा. असे यंत्र इंटरनेटला जोडणे म्हणजे संकटाला आवतण देणे होय. दोन संगणक केबलने जोडून नव्याच्या खिडकीत जुना पाहण्याची युक्ती आहे, पण तीत दोघांमध्ये वाट उघडते. केव्हीएम डबीत ती उघडत नाही. वीस वर्षांच्या पुस्तकांचा दस्तऐवज ज्या यंत्रात आहे, त्याला जगापासून अलग ठेवून त्याच खुर्चीवरून जगाशी बोलता यावे, ही तजवीज ह्या डबीने होते. पेनड्राइव्ह तेवढा तपासून लावावा लागतो.

हीच अलगता ज्यांना प्राणाहून महत्त्वाची आहे, त्यांच्याकडे डबीचे फार कडक रूप नांदते. सिंगापूर सरकारने जून २०१६ मध्ये जाहीर केले की पुढील मे महिन्यापासून सरकारी नोकरांच्या कामाच्या संगणकांवरून इंटरनेट काढून घेण्यात येईल. ज्याला ते पाहावयाचे असेल त्याने वेगळ्या यंत्रावर पाहावे. संरक्षणखात्यांत आणि गुप्तचरांच्या दफ्तरांत तर हा रिवाज फार जुना आहे. अशा ठिकाणी वापरावयाच्या सुरक्षित डब्यांत कीबोर्डाचा संदेश संगणकाकडे जाऊ शकतो, उलट येऊ शकत नाही. डबीच्या स्मृतीत काही उरत नाही. एवढेच काय, मॉनिटरच्या त्या लेखावर एका संगणकाने काही लिहून ठेवावे आणि दुसऱ्याने ते वाचावे, अशी चोरवाट राहू नये म्हणून तिकडे लिहिण्यास मज्जाव केलेला असतो. एवढ्याशा लेखातून राज्याची गुपिते झिरपतील अशी भीती बाळगणारे लोक अतिशयोक्ती करतात असे वाटेल. पण लंडनमध्ये एप्रिल २०१३ मध्ये जे घडले ते पाहावे. स्विस कॉटेज भागातील बार्कलेज बँकेच्या शाखेत एक इसम संगणकदुरुस्तीचा कारागीर म्हणून आला आणि तेथील यंत्राला केव्हीएम उपकरण व थ्रीजी राउटर जोडून निघून गेला. त्याच्या साथीदारांनी बाहेर बसून शाखेचा पडदा पाहिला, शाखेचा कीबोर्ड चालवला आणि तेरा लाख पौंड वळते केले. त्याच वर्षी सप्टेंबरात सरे क्वेज येथील सँटँडेर बँकेच्या शाखेत तोच डाव टाकण्यात आला, तो मात्र पोलिसांनी उधळून बारा जणांना अटक केली. पडदा आणि कीबोर्ड ज्याच्या हाती, संगणक त्याच्या ताब्यात, हे न्यायाधीशांना समजावून सांगावे लागले नसेल.

मोठ्या संगणकगृहांत, जेथे उभ्या रॅकमध्ये यंत्रांचे थर रचलेले असतात, एका पडद्यावर आठ, सोळा, बत्तीस यंत्रे आळीपाळीने पाहण्याचा प्रघात १९९० च्या दशकात रूढ झाला. नाही तर प्रत्येक सर्व्हरसाठी काचेच्या नळीचा एक अवजड मॉनिटर ठेवावा लागता. पुढे ही सोय सर्व्हरच्याच पोटात गेली. घरगुती टेबलावर डबी आली ती खऱ्या अर्थाने २४ मार्च २०२० च्या रात्रीनंतर, जेव्हा टाळेबंदी जाहीर झाली आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांचे लॅपटॉप कोथरूड, सिंहगड रस्ता, पिंपळे सौदागर येथील घरांत येऊन दाखल झाले. घरचा संगणक आपला, लॅपटॉप कंपनीचा. कंपनीच्या यंत्रावर स्वतःचे काही करू नये आणि स्वतःच्या यंत्रावर कंपनीचे काही ठेवू नये, असा दंडक. टेबल मात्र एकच, आणि तेही पुष्कळदा मुलांच्या अभ्यासाचे. मालकीचा हा पेच अक्षरजुळणीच्या दफ्तरातील पेचाहून निराळा दिसतो, पण डबी दोन्हीकडे एकच काम करते: दोन यंत्रांना एकमेकांची ओळख न करून देता एका माणसाच्या हाताखाली ठेवते.

वाचकांपैकी कोणाला ही सोय करावयाची असेल, तर डबी घेण्यापूर्वी मॉनिटरची पाठ पाहावी. बहुतेक नव्या मॉनिटरांना दोन-तीन तोंडे असतातच. एकात एक संगणक, दुसऱ्यात दुसरा लावून मॉनिटरच्याच बटणाने पालटता येते, आणि कीबोर्ड-माउससाठी स्वस्तातला यूएसबी स्विच पुरतो. चित्राचा मोठा लोंढा मग डबीतून जातच नाही. बटण दाबण्याचाही कंटाळा असेल तर पुष्कळ मॉनिटर संगणकाकडून आलेल्या आज्ञेनेही तोंड बदलतात. तशा लहान आज्ञावली फुकट मिळतात. टाइप-सी जोडाच्या काही मॉनिटरांत तर केव्हीएमची सोय उत्पादकानेच बसवलेली असते. दोन्ही यंत्रांना स्वतंत्र पडदे असतील आणि केवळ कीबोर्ड-माउस वाटून घ्यावयाचे असतील, तर मायक्रोसॉफ्टची माउस विदाउट बॉर्डर्स ही आज्ञावली आहे. परंतु तिला दोन्ही यंत्रे एका जाळ्यात लागतात, आणि कंपनीचा बंदोबस्त तिला बहुधा परवानगी देत नाही. डबीच घ्यावयाची झाल्यास दुकानदारास दोनच प्रश्न विचारावेत: आपल्या मॉनिटरच्या पूर्ण रिझोल्यूशनला सेकंदास साठ चित्रे ती देते काय, आणि पाठ फिरलेल्या संगणकाला मॉनिटर असल्याचे ती भासवते काय. दुसऱ्या प्रश्नावर दुकानदार गोंधळला तर ती स्वस्तातली आहे असे समजावे. ज्याला दिवसातून दोनदाच पालटावयाचे आहे, त्याने स्वस्तातली घेतली तरी बिघडत नाही. दहा मिनिटांनी पालटणाऱ्याने पैशाकडे पाहू नये.

अक्षरजुळणीच्या दफ्तरांना मात्र आणखी एक विनंती करावीशी वाटते. डबीमुळे जुने यंत्र टेबलाखाली बिनतक्रार चालत राहते, आणि म्हणूनच ते किती जुने झाले आहे ह्याचा विसर पडतो. त्याची हार्डडिस्क, त्याचा वीजपुरवठा आणि ते लॉक, ह्यांपैकी कोणतेही एक गेले तर पेजमेकरमध्ये बंद असलेली पुस्तके पडद्यावर आणणे अतिशय दुष्कर होईल. लॉक यूएसबीचे असेल तर नव्या संगणकाच्या पोटात आभासी एक्सपी बसवून पाहता येते. समांतर जोडाचे जुने लॉक असेल तर तीही आशा धरू नये. ज्या प्रकाशकांची आणि संपादकांची १९९० ते २०१० मधील पाने अशा यंत्रांत आहेत, त्यांनी दिवाळी अंक एकदा हातावेगळा झाला की कार्तिक-मार्गशीर्षाच्या निवांतात बसून तो मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडात उतरवावा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, आणि प्रत्येक पुस्तकाची एक पीडीएफही काढून ठेवावी. ज्या दफ्तरात मी बसलो होतो तेथे हे काम सुरू झाले आहे. मालक जुन्या यंत्रावर मूळ पान उघडतात, खटका दाबतात, आणि नव्यावर उतरलेली प्रत ओळीने ताडून पाहतात.